आटलेला समुद्र

"आटला व पोरी तुहा समुद्र," रुखमाबाई म्हणाली.

समोर मैलभर नुसता चिखल होता. होड्या कुशीवर पडल्या होत्या. विदर्भातल्या घाटंजीहून निघालेली बाई गाड्या बदलत बदलत इथवर आली, आणि पाहायला काय मिळालं, तर उन्हाळ्यातलं तळं!

दीपमालाला हसू आवरेना. बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचणीची कामं गेली, तेव्हा ती या गावच्या लॉजमध्ये खोल्या झाडायला लागली होती. आता आई तिला परत न्यायला आली होती.

"वोहोटी हाये माय. येते पाणी वापस."

"गेलेलं कुठं वापस येते? तुहा भाऊ विक्की गेला सुरतले. आला का? उद्या माह्यासंगं चाल."

दीपमालानं आईची पिशवी उचलली. तिला जायचं नव्हतं. दोघी जुन्या धक्क्यावर भाकरीचं फडकं सोडून बसल्या. काळ्या दगडांत जहाजं बांधायची भोकं होती, दोर घासून घासून गुळगुळीत झालेली.

"दोन हजार वर्षांमांगं भंतेजी वरच्या डोंगरातल्या बुद्धलेण्यात राहत होते ना, तवापासूनचा हाये हा धक्का," दीपमाला म्हणाली. "इथून जहाजात कापूस जाये म्हणते."

रुखमाबाईनं दगडावरून हात फिरवला. "एवढी वर्षं पुरला समुद्र, अन् मी आली तवाच आटला."

तेवढ्यात चिखलातल्या चरातून पाणी आलं. वावरात पाटाचं पाणी शिरावं तसं, पण मोटर सुरू करणारं कुणीच नव्हतं. एक होडी हलली, सरळ झाली. मग दुसरी. रुखमाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चिखल दिसेनासा झाला आणि पाणी धक्क्याला येऊन लागलं, तेव्हा ती उठून उभी राहिली. एवढं पाणी एका जागी पाहून तिला आधी भीती वाटली, मग रडूच फुटलं.

"रोज येते?"

"रोज. दोनदा."

"कोणी बलावल्याबिगर?"

"हो माय."

रुखमाबाई पायरी उतरून पाण्यात उभी राहिली. लुगडं भिजलं तरी हलली नाही. मागं न पाहता म्हणाली,

"राह्य तू इथं. दोनदा नोको. वर्षातून एकदा, भीमजयंतीले येत जाजो."