बिननावाचे आराखडे

बैठकीच्या खोलीचं दार आतून बंद होतं आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. सकाळपासून पाठ भरून आली होती.

बावीस वर्षं त्यांनी रुसलेल्यांची समजूत काढली, निरोपसमारंभ आखले, काढून टाकलेल्यांसमोर कंपनीच्या वतीने मान खाली घातली. पण कुठली शाखा वाढवायची, किती माणसं घ्यायची, हे ठरताना त्यांना कुणी आत बोलावलं नाही. संचालकपदासाठी दोनदा नाव गेलं, दोनदा परत आलं. "तुम्ही माणसं छान सांभाळता, बाई," अध्यक्ष म्हणाले होते. "धोरणाचा ताप कशाला डोक्याला?"

या खेपेला त्या हटून बसल्या. पद सगळ्यांना खुलं ठेवायचं. ज्याला हवं त्याने पाच वर्षांचा आराखडा लिहायचा. वर फक्त क्रमांक, तोही वकिलांनी टाकलेला; कुणाचा कुठला, लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही. नावं वकिलांकडे, बंद पाकिटांत. मग सुट्टीचे सगळे दिवस घालवून त्यांनी स्वतःचा आराखडा लिहिला.

सहायिका सहीसाठी फाइल घेऊन आली.

"मॅडम, दुसऱ्या शाखेतल्या जागेसाठी माझा अर्ज होता."

"पाहिला गं. पोरं लहान आहेत तुझी. या वर्षी राहू दे."

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच..."

"तुझ्या भल्याचंच सांगते. ओढाताण मी भोगलीय."

सहायिकेने फाइल मिटली. "आज निकाल आहे ना? मग थांबते जरा."

बाईंनी सरकून तिला जागा करून दिली. बरं वाटलं, कुणीतरी सोबत आहे.

दार उघडलं. अध्यक्ष खुशीत होते.

"क्रमांक चार. वादच झाला नाही. माणूस पक्का आहे हो. कुठे हात आखडायचा, कुठे सोडायचा, याला बरोबर कळतं."

'याला' ऐकून बाईंना थकलेलं हसू आलं. वकिलांनी चार नंबरचं पाकीट पुढे केलं. "तुम्हीच फोडा. कल्पना तुमची."

बाई उठल्या. गुडघे कुरकुरले. आधी आभार मानायचे, मग बोलायचं ते बोलायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि पाकीट फोडलं.

चिठ्ठीवर सहायिकेचं नाव होतं.