झाकलेलं रोप

कोणतं रोप टिकतं ते पाहायला संशोधन केंद्रातल्या टोमॅटोच्या चारशे रोपांवर करपा रोगाचे जंतू मिसळलेलं पाणी फवारून पाच दिवस झाले होते. बाकी सगळ्यांनी काळवंडून माना टाकल्या होत्या. कोपऱ्यातलं एकच हिरवंगार उभं होतं.

"यमुनामावशी, सात वर्षं मी याच रोपाची वाट बघतेय," संशोधक मॅडम म्हणाल्या. "याच्या बियांतून करप्याला न जुमानणारी जात होईल. तुमच्या हाताला यश आहे हो."

चातुर्मासात रोज एका जिवाला वाचवायचं, असा मावशींचा नेम. त्या दिवशी फवारताना त्यांनी या रोपावर जेवणाचा रिकामा डबा पालथा घातला होता. चारशेंत एक राहिलं तर कोणाचं काय बिघडतं, असं वाटलं होतं.

मॅडम मोठ्या साहेबांना फोन लावू लागल्या, तशी मावशींनी त्यांचा हात धरला. "नका सांगू, मॅडम. त्याच्यावर पाणी पडलंच नाही. मी झाकलं होतं."

मॅडमनी फोन खाली ठेवला. रागावल्या नाहीत.

मावशींनी स्वतःच करप्याच्या पाण्याने पंप भरला, रोपापुढे हात जोडले आणि फवारा सोडला.