नवा फिल्टर

गाडीच्या एसीत नवा फिल्टर बसला की ज्ञानेश्वरीचा नवरा, अनिल, तो काढून त्याच्या कडेला पेनाने सही करून परत बसवायचा. "पुढच्या सर्व्हिसिंगला जुनाच झटकून घालतात गो हे सर्व्हिसवाले. सही दिसली की पकडायचे."

अनिल वारल्यावर पहिलं सर्व्हिसिंग तिनेच करून आणलं. बिलात एसीचा नवा फिल्टर होता. भाट्याच्या पुलाअलीकडे तिने गाडी थांबवली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर बाहेर ओढला. तो तांबड्या धुळीने भरला होता. कडेला अनिलची सही होती.

तिने तो होता तसा परत बसवला.

संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. "मॅडम, काम कसं वाटलं? दहापैकी किती मार्क?"

"दहा," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही तुमच्याकडेच आणीन."