खालून तिसरी ओळ

"गोदाक्का, कादंबरी मी फोनवर सांगतो. तुम्ही फक्त मुखपृष्ठ काढा. चार दिवसांत हवंय," लेखक म्हणाले.

"सांगोवांगी मी आता काढत नाही. बाड पाठवा. पंधरा दिवस लागतील."

"मग दुसऱ्या कुणाला देतो."

"द्या. मी काढीन तर वाचूनच."

अक्षरओळख अक्कांना साठीत झाली. त्याआधी लेखक सांगत तशी त्या चित्रं काढत. एकदा कथेतल्या विधवेला त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं. नवरा गेल्याचं सांगायला त्या कथेचा लेखक विसरला होता, हसं मात्र चित्राचं झालं. त्याच आठवड्यात अक्कांनी पाटी घेतली.

कुरकुरत का होईना, बाड आलं. ओळीखाली बोट ठेवून अक्का वाचत राहिल्या. बारा दिवस ब्रश कोरडाच होता.

पंधराव्या दिवशी लेखकांनी चित्र पाहिलं. "सुरेख. पण या बाईच्या डाव्या हातात कोयता?"

"पान चाळीस. खालून तिसरी ओळ."

लेखकांनी पान काढलं, वाचलं आणि खाली बसले.

"आई डावखुरी होती माझी. लिहून विसरलोच." पान परत बाडात ठेवत त्यांनी विचारलं, "पुढच्या पुस्तकाला पंधरा दिवस पुरतील?"

"जाडी बघून सांगते," अक्का म्हणाल्या.