भरलेली बादली

पाणीपुरवठा खात्यात तो तीस वर्षं लाकडी काठी कानाला लावून जमिनीखालची गळती शोधत आला होता. "तुझे कान आहेत तोवर नोकरी आहे," साहेब म्हणायचे. घरी मात्र त्याच कानांपायी झोपेचं खोबरं व्हायचं. पंख्याची घरघर नसली, तर शेजारचं घड्याळही त्याला जागं ठेवी. काल पंखा बिघडला. "आता श्वाससुद्धा जपून घे," बायको लेकीला म्हणाली. सकाळी तिनेच त्याला हलवून उठवलं. "कुंभकर्णासारखे झोपलात की. आणि तो नळ बघा, रात्रभर गळत होता." नळाखालची बादली काठोकाठ भरली होती. त्याने खुंटीवरची काठी काढून नळाला टेकवली, कान लावला, आणि ती लेकीकडे दिली. "बाबा, केवढ्याने वाजतंय," ती हसली. "कोणालाही ऐकू येईल." कामावर निघायची वेळ झाली होती. त्याने काठी पुन्हा खुंटीला अडकवली.