खालची पानं

लेकीने परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिचा चेहरा खुलला. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं होतं. पाणी तपासायच्या किटबरोबर आलेल्या रंगपट्टीवर पिवळा म्हणजे नायट्रेट शून्य. त्यापुढे नारिंगी, मग लाल.

"शून्य," ती म्हणाली. "मी आले तेव्हा नारिंगी होतं, आठवतं ना? काय घाण साठवून ठेवली होतीस."

आई शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती. छातीच्या दुखण्यातून उठल्यापासून ही खुर्ची आणि समोरची माशांची काचेची टाकी, एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं. टाकी मात्र भिंतभर लांब आणि आत झाडंच झाडं. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ती या पाण्यात जी शिरली ती शिरलीच.

"ती घाण नव्हती गं. झाडांचं जेवण होतं ते," आई म्हणाली. "मासे खातात, त्यांची विष्ठा कुजते, तिचं नायट्रेट होतं, त्यावर झाडं जगतात. नुसते मासे असते तर तुझंच खरं होतं. पण एवढं रान माजलंय तिथे शून्य म्हणजे उपासमार."

"झाली का तुझी शाळा सुरू?"

लेक इस्पितळात जंतुसंसर्गावर देखरेख ठेवायची. पलंगाच्या कठड्यावरून, नळाच्या तोटीवरून बोळे फिरवून तपासणीला पाठवायचे आणि अहवालात शून्य आलं की त्या दिवशी सुखाने जेवायचं, अशी तिची सगळी नोकरी. शून्यासारखा दुसरा लाडका आकडा तिला नव्हता. आईच्या आजारपणात ती रजा टाकून आली आणि तिने आईला अक्षरशः ओढून परत आणलं. हे विसरायला आई काही कृतघ्न नव्हती, आणि तिची पंचाईत झाली होती ती तिथेच.

कारण मग घरातला गालिचा गेला. पडदे गेले. दुपारच्या चहाला येऊन गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या शेजारच्या दोघींना दारातूनच वाटेला लावण्यात आलं. त्या खोकल्या नव्हत्या, पण खोकल्या असत्या. त्यानंतर टाकीची पाळी आली. माशांचं खाणं निम्मं झालं, पाणी सारखं बदललं जाऊ लागलं, मोठे मासे दुकानात परत गेले. राहिलेल्या छोट्या टेट्रा माशांचा थवा आज जायचा होता.

बेल वाजली. मासेवाला जाळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आत आला. हे मासे त्याच्याच दुकानातले.

"झाडं उतरली की हो, बाई," तो टाकीकडे बघून म्हणाला.

"तुम्ही मासे काढा," लेक म्हणाली.

त्याने आईकडे पाहिलं. आईने लेकीकडे पाहिलं.

"एवढे राहू देत," आई म्हणाली. "बाकीचं सगळं ऐकलं ना तुझं? एवढं एक माझं ऐक."

"आई, मासे नाहीत तर घाण नाही. मी हे तुझ्याच छातीसाठी करतेय ना?"

"मला करमत नाही गं."

"आधी ठणठणीत बरी हो. मग करमेल आपोआप."

मासेवाल्याने जाळी पाण्यात घातली. झाडांच्या गर्दीत मासे इकडून तिकडे पळाले, पण त्याचा हात सराईत होता. थोड्याच वेळात सगळा थवा पिशवीत आला आणि पिशवी दारातून बाहेर गेली. आईला रडू आलं नाही, संताप आला. पण आपल्यासाठी राबून राबून डोळ्यांखाली काळं झालेल्या पोरीवर संताप काढायचा कसा, ते काही तिला कळेना. तो तिने चहाबरोबर गिळला. चहा बिनसाखरेचा होता.

जाळीला चिकटून आलेलं एक पान टाकीच्या कडेवर राहिलं होतं. आईने ते उचलून रंगपट्टीवर ठेवलं. पहिल्या चौकोनावर ते असं बेमालूम मिसळलं की कडा शोधावी लागली.

लेक वाकून बघू लागली. "हे खालचंच पान ना? खालचीच का पिवळी पडतात गं? शेंडे तर हिरवेगार आहेत."

प्रश्न अगदी मनापासून होता. आईला बरं वाटलं. वर्गात पहिल्या बाकावर बसून हीच पोर सगळ्यांच्या आधी हात वर करायची.

"पाण्यात काही मिळेनासं झालं, की झाड जुन्या पानांतलं काढून घेतं," आई सावकाश म्हणाली, "आणि नव्यांना देतं. शेंडा वाढत राहतो. जुनी पानं आतून रिकामी होत जातात."

एवढं बोलून ती थांबली. वर्गातही ती असंच थांबायची. उत्तर सांगायचं नाही, पोरांच्या तोंडाकडे बघत राहायचं. कुठेतरी उजेड पडतोच.

लेकीने मान डोलावली. मग बाह्या वर सारल्या आणि लांब दांड्याची कात्री घेतली.

"जुनीच आहेत म्हणजे. मग काढूनच टाकते. टाकी कशी स्वच्छ दिसेल बघ."

कात्री पाण्यात शिरली. आईने शाल घट्ट ओढून घेतली.

"देठापासून काप," ती म्हणाली. "अर्धवट ठेवलंस तर कुजेल, आणि तुझं शून्य जाईल."