चुड्याखालचा दिवा

कुंदा गेल्याचं सदाशिवला कळलं, तेव्हा शेजारच्या खोलीत त्यांचं बाळ रडत होतं. डॉक्टरीणबाईंनी कुंदाचा काचेचा चुडा फोडून काढला होता. खाली गरोदरपणात घालायचं तपासणीचं कडं होतं. त्यावर दोन दिवे होते, बाळाचा हिरवा, आईचा लाल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ आईच्या रक्तातलं फोलेट, रक्त तयार करणारं जीवनसत्त्व, ओढून घेतं. त्याचं भरत जातं, हिचं आटतं. लाल दिवा पाहिला नाहीत?"

कसा पाहणार? कडं कातडीवरूनच सगळं सांगायचं, म्हणून हल्ली कोणी रक्त काढत नसे. डोहाळेजेवणाला बायकांनी हातभर बांगड्या भरल्या आणि बाहेर डोकावत राहिला फक्त बाळाचा दिवा. घरातले म्हणायचे, हिरवा आहे, छान आहे.

तेराव्याला कुंदाची धाकटी बहीण वैजू आली. तिला आठवा लागला होता. तिच्याही मनगटावर चुडा आणि त्याखालून डोकावणारा एकच हिरवा दिवा. सदाशिव तिच्याजवळ गेला.

"वैजू, बांगड्या सरकव. दुसरा दिवा बघू."

"सरकत नाहीत दाजी, हात सुजलाय."

"मग फोडू."

सासूबाई कडाडल्या, "जावईबापू! पोटुशीच्या बांगड्या फोडायच्या? आज, या घरात? दिवा हिरवा दिसतोय की!"

"कुंदाचाही हिरवाच दिसायचा, आई."

"मला काही होत नाही हो," वैजू म्हणाली. "जिना चढताना धाप लागते, तेवढंच."

कुंदालाही तेवढंच होत होतं. तो पुढे सरकला, तोवर सासूबाईंनी लेकीला उठवून गाडीत बसवलं.

वैजूचा दुसरा दिवा अजून कोणी पाहिलेला नाही.